तीन नंबरचा दोर

१४ ऑक्टोबर

मामा,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण पहिल्याच अक्षराला पेन अडलं. नुसतं मामा चालवून घ्या.

तुमचं पत्र पोचलं. अकरा वर्षांतलं पहिलं. चार ओळी माझ्या तब्येतीच्या, एक हवेची, आणि मग दीड पान आपल्या बटणचं. तुमच्या लेकीने डोंगरातले सगळे कोर्स केले, तुमच्या शिबिरांत तीन वर्षं शिकवलं, आता तिला बाहेर काम करायचंय, आणि 'तू तिथे आहेसच, म्हणजे घरचंच माणूस आहे.' घरचं माणूस हे वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर साठ-सत्तर ओले रबरी सूट तारेवर लटकलेत. सीझन संपला, आता ते घडी करून ठेवायचे.

पाठवा तिला. मी निघालो तेव्हा ती तेरा वर्षांची होती. सायकलची चेन पडली की आधी मला हाक मारायची, मग तुम्हाला. तेवढ्यावर मी हो म्हणतोय.

काम काय आहे ते तिला नीट सांगा, कारण फोटोत नुसत्या उड्या दिसतात. डोंगरातून पाणी घळ कोरत खाली येतं, त्या घळीत आम्ही आठ-आठ पर्यटकांना वरून सोडतो आणि पाच तासांनी खाली बाहेर काढतो. मध्ये सात धबधबे. काही दोरावरून उतरायचे, काही खडकावरून घसरत, दोन ठिकाणी सरळ डोहात उडी. पाणी बर्फाचं. पहिल्या महिन्यात बोटांची टोकं फुटतात, ती आम्ही बूट चिकटवायच्या गोंदाने चिकटवतो. थट्टा नाही. पर्यटक खाली पोचले की गळ्यात पडतात, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात ओळखत नाहीत, कारण हेल्मेटशिवाय आपला चेहरा त्यांनी पाहिलेलाच नसतो. राहायला कंपनीची खोली, चौघांत एक न्हाणी. हिवाळ्यात घळी बंद, तेव्हा मी एका हॉटेलात चादरी धुतो. हे तुम्ही तिकडे कुणाला सांगत नसाल. 'भाचा परदेशात गाइड आहे' एवढं ऐकायला बरं वाटतं.

तिला म्हणावं लोकरी मोजे भरपूर आण. दोर, कॅराबिनर वगैरे काही आणू नकोस. तुमच्या गोदामातलं तर काहीच नको.

शेवटी तुम्ही लिहिलंय, 'झालं गेलं विसरून जा.' कुणी विसरायचं, ते लिहायचं राहिलं.

तुमचा भाचा

२८ मे

मामा,

बटण येऊन तीन आठवडे झाले. जेवते, झोपते, मामीची आठवण काढते. काम उत्तम करते. नव्या माणसाला इथे ओळीच्या शेवटी ठेवतात, मागे राहिलेल्यांना धीर द्यायला. परवा एक निवृत्त दंतवैद्य तिसऱ्या धबधब्याच्या तोंडाशी फतकल मारून बसला. म्हणाला, मी इथेच राहतो, तुम्ही जा. बटण त्याच्या शेजारी बसली.

"तुमच्या खुर्चीत लोक बसतात तेव्हा तुम्ही काय सांगता त्यांना?"

"दुखणार नाही."

"खरं असतं ते?"

"छे."

"मग मीही तसलं सांगत नाही. भीती वाटणार. चला."

आणि तो उतरला. हे ती तुमच्याकडे शिकलेली नाही. तुम्ही 'काही होत नाही' म्हणायचात. प्रत्येकाला.

पण पत्र त्यासाठी नाही. रविवारी आम्ही दोघं कपडे धुवायच्या दुकानात मशिनसमोर बसलो होतो. ती म्हणाली, "दादा, एक बोलायचंय, मध्ये थांबवू नकोस. तेव्हा मी लहान होते, मला कुणी काही सांगितलं नाही. नंतर बाबांनी सांगितलं. चूक कुणाच्याही हातून होते. घाईत गाठ तपासायची राहून जाते. माझ्या मनात काही नाही. मी तुला केव्हाच माफ केलंय." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

मशिनमध्ये माझे मोजे फिरत होते. मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, "बरं."

मामा, इथे तिसरं कुणी नाही. तर एकदा सगळं नीट लिहून टाकतो, म्हणजे तुमच्या आठवणीत काही गाळलं गेलं असेल तर भरता येईल.

त्या सकाळी कड्यावर आपण तिघंच होतो. तुम्ही, मी आणि ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी मुलगी. बाकीचे शिबिरार्थी खाली तंबूंपाशी नाश्ता करत होते. तिला सगळ्यांच्या आधी उतरायचं होतं, कारण सगळ्यांसमोर घाबरायचं नव्हतं. तीन नंबरचा नारिंगी दोर मी आदल्याच दिवशी बाजूला काढून ठेवला होता. त्याला मधोमध चपटी, चकचकीत जागा आली होती, आतला कणा मऊ लागत होता. मी तुम्हाला बोटांनी दाबून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, "अजून दोन सीझन ओढेल. दोराची पारख तू मला शिकवणार?" आणि सकाळी तोच दोर बांधला. गाठ मी मारली होती, हे खरं. ती गाठ शेवटपर्यंत सुटली नाही, हेही खरं. माझ्या डोळ्यांसमोर कड्याच्या धारेवर दोर तुटला.

मी धावत खाली गेलो. तिच्यासोबत खाली आलेल्या दोराचं टोक कापूस पिंजल्यासारखं फुललं होतं. तुम्ही मागून आलात आणि मला गाडी आणायला रस्त्यावर पिटाळलंत. पाऊण तासाने परत आलो तर तिच्याजवळ पडलेला दोर अखंड होता. नारिंगीच, पण पाच नंबरचा, नवा. आणि तुम्ही म्हणालात, "गाठ सुटली रे. कशी मारली होतीस?"

तेव्हा तुमच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी तिच्या अंगावर चादर घातली.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. चौकशी समिती बसायच्या आदल्या दिवशी आईने तुमच्यासाठी माझ्यासमोर पदर पसरला. "तुझ्या बापामागे त्याने तुला वाढवलं. त्याचं शिबिर बंद पडेल. तू तरुण आहेस, सावरशील." तुम्ही तिथेच बसला होतात, खिडकीकडे तोंड करून. मी सही केली. 'गाठ मी मारली होती, घाईत तपासायची राहिली.' समितीने मला दोन वर्षं बंदी घातली. तुम्हाला समज दिली, म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी. या संन्याशाने फास स्वतःच्या हाताने गळ्यात घालून घेतला, एवढाच फरक.

हे सगळं मी गिळलं होतं. पण तुम्ही माझी मामेबहीण मला माफ करायला पाठवाल, हे मात्र धरून चाललो नव्हतो.

भाचा

१९ जून

मामा,

हे पत्र कुरियरने पाठवतोय, कारण तुमचा फोन लागत नाही आणि मला घाई आहे.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे गाइड बसले होते. कुणीतरी बटणला चिडवलं की तुझा भाऊ प्रत्येक गाठ तीनदा तपासतो, देव पावेल त्याला. तिला वाटलं भावाची बाजू घ्यावी. तिने सगळं सांगितलं. एका मुलीचा जीव गेला, त्याच्या हातून गाठ राहिली होती, तेव्हापासून तो असा झाला, चुकीतून एवढं शिकलेला माणूस तिने पाहिला नाही. डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. एकाने डबा बंद केला. आमच्या मॅनेजरबाई दाराशी कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. बाई फटकळ आहेत पण दुष्ट नाहीत. टेबलावर माझा नऊ वर्षांपूर्वीचा अर्ज होता. त्यावर काय लिहिलंय, ते सध्या राहू दे. परवाना समितीपुढे तीस जुलैला माझी सुनावणी आहे. तोपर्यंत मी घळीत उतरायचं नाही. गोदामात दोर मोजतोय.

मला तुमच्याकडून एक पत्र हवंय. शिबिराच्या छापील कागदावर, तुमच्या सहीने. दोर जुना होता, मी सांगूनही तो वापरला, दोर तुटला, आणि चौकशीला दुसरा दोर दिला. चार वाक्यं. तिकडे ते कुणालाही दाखवणार नाही. बटणलाही नाही. तुमच्या ओळखीची पोलीस चौकी, तुमची समिती, तुमचे हार-तुरे, सगळं जागच्या जागी राहील.

मामा, मी तुमच्याकडे आयुष्यात कधी काही मागितलेलं नाही. गोदामातला तो दोर फेकून द्या, एवढंच मागितलं होतं.

भाचा

६ जुलै

मामा,

तुमचं उत्तर मिळालं. आईच्या तोंडून.

आईने फोन केला. आधी माझं जेवण झालं का विचारलं, मग रडली, मग म्हणाली, "त्याला रक्तदाब आहे. या वयात त्याने असलं लिहून द्यायचं? तू तिकडे लांब. तुला तिथे ओळखतंय कोण? अजून एका सहीने काय झिजणार आहेस तू?"

मी म्हणालो, "आई, तुला माहीत होतं ना, दोर तुटला होता?"

ती म्हणाली, "भाऊ आहे माझा."

मुलगा कोण आहे, हे मी विचारलं नाही. तिने काहीतरी उत्तर दिलं असतं आणि मला ते जन्मभर लक्षात राहिलं असतं.

ठीक आहे. आता माझंही एक सांगून टाकतो, म्हणजे मी फार धुतल्या तांदळासारखा आहे असं तुम्हाला वाटायला नको. इथल्या अर्जावर एक प्रश्न होता: कुठल्या गंभीर अपघाताच्या चौकशीत तुमचं नाव आलं आहे का? मी 'नाही' लिहिलं. तेव्हा मला वाटलं, जी चूक मी केलीच नाही, ती मी का लिहू? फार छान वाटलं होतं तो विचार करताना. मॅनेजरबाई म्हणाल्या, "अपघाताचं मी समजू शकते. हे 'नाही' मला समजत नाही." मलाही आता समजत नाही. तिकडे खोट्याला हो म्हणालो, इकडे खऱ्याला नाही, आणि मध्ये नऊ वर्षं लोकांना सांगत राहिलो की दोरावर विश्वास ठेवा.

मी ठरवलंय. समितीपुढे पुन्हा तेच सांगेन. गाठ माझी. परवाना जाईल. चादरी धुवायला परवाना लागत नाही.

बटण आता माझ्याशी फार हळू बोलते, आजारी माणसाशी बोलतात तसं. आपल्यामुळे हे झालं, असं तिला वाटतंय. रोज संध्याकाळी गोदामात येते, दोर गुंडाळायला मदत करते. तिला सांगायचं तीनदा ओठांवर आलं. सांगितलं नाही. तुमच्यासाठी नाही मामा. माझ्याकडे बघून अजून कुणाच्या तरी मनात माया येते, ती मला सोडवत नाही.

भाचा

१८ जुलै

मामा,

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. त्यात माझा हात नाही, हे शपथेवर सांगेन. माझ्या शपथेला तुमच्याकडे काय किंमत आहे ते वेगळं.

दुपारी आम्ही बाद दोर कापत होतो. इथे प्रत्येक दोराची वही असते. किती वेळा वापरला, कुठे घासला, सगळं. दिवस भरले की तो कापून हात-हातभर तुकडे करायचे, म्हणजे चुकूनही कुणी परत वापरणार नाही. मी कापत होतो, बटण तुकडे पिंपात टाकत होती. ती हसून म्हणाली, "बाबांनी बघितलं तर जीव जाईल त्यांचा. ते दोर कधी फेकत नाहीत. आमची मागची कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा जुन्या दोराची आहे. नारिंगी."

मी कापत राहिलो. विचारलं, "कधीपासून?"

"झाली की दहा-अकरा वर्षं. मला आठवतंय, परीक्षा संपून सुट्टी लागली होती. बाबा मोरीत बसून मेणबत्तीवर टोक वितळवत होते. पार पिंजलं होतं ते. मी म्हटलं मी करू का, तर केवढे ओरडले माझ्यावर! पहिल्यांदाच. दुसऱ्या टोकाला आईच्या नेलपॉलिशचा आकडा अजून आहे. तीन. आई कपडे घालताना म्हणते, माझी नेलपॉलिश संपवली, दोरीला नटवायला."

माझ्या हातातली सुरी थांबली. मी खाली बघत होतो. एवढंच केलं मी, मामा. खाली बघितलं.

ती तुमची मुलगी आहे, पण मूर्ख नाही. पिंपावरचा हात तसाच ठेवून तिने विचारलं, "दादा, समितीने चौकशीत कुठला दोर बघितला होता?"

मी सुरी पुन्हा दोरावर ठेवली.

"किती नंबर?"

"पाच," मी म्हणालो.

ती बाहेर गेली. मी बाकीचा दोर कापून संपवला.

तासाभराने परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मामीला फोन केला होता तिने. दोरीचा फोटो मागवला, दोन्ही टोकांचा, जवळून. मामीने विचारलं म्हणे, "कशाला गं?" ही म्हणाली, "इथल्या लोकांना दाखवायचाय. आपल्याकडे दोर किती टिकतो ते." मामी खूश झाली. अर्ध्या तासात फोटो आले. कडेला तुमचा बनियनही दिसतोय.

तुम्ही आज सकाळीच ती दोरी काढून लोखंडी तार लावलीत, असं मामी बटणला सांगत होती. गंजेल ती. कपड्यांना डाग पडतील.

भाचा

२ ऑगस्ट

मामा,

सुनावणी झाली. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचा एक जग. मला वाटलं होतं बटण येणार नाही. ती आली, फोटो घेऊन आली, आणि मी तोंड उघडायच्या आत बोलायला परवानगी मागितली. तेरा वर्षांची असताना काय पाहिलं, ते सांगितलं. रडली नाही. "त्या माणसाचं नाव काय?" असं विचारलं तेव्हा तिने तुमचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, म्हणजे स्वतःचंच आडनाव. लिहून घेणाऱ्याला ते जमेना, तर तिने कागद पुढे ओढून स्वतः लिहून दिलं.

मग मला विचारलं, हे खरं आहे का? अकरा वर्षांत पहिल्यांदा मी एका टेबलासमोर बसून खऱ्याला हो म्हणालो.

निकाल असा. त्या अपघाताचा ठपका माझ्यावर ठेवत नाहीत. अर्जावरच्या 'नाही'साठी परवाना एक वर्ष बंद. वर्षभर गोदाम, सूट धुणं, हेल्मेट पुसणं. मॅनेजरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तू गाइड चांगला आहेस. माणूस म्हणून मला अजून ठरवता येत नाही." बरोबर आहे त्यांचं.

तुम्हाला वाटत असेल, भाच्याने डाव साधला, पोरीला आपल्या बाजूला वळवलं. तर ऐका.

परत येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसली. अर्ध्या वाटेत मागे वळली.

"मी तुला माफ केलं म्हणाले, तेव्हा तू बरं म्हणालास."

"काय म्हणणार होतो?"

"पावणेदोन महिने. मी तुझ्यावर दया करत होते दादा. तू ती घेत होतास. रोज. गोड लागत होती तुला."

मी निकालाच्या कागदाची घडी घातली.

"आणि एक सांग. तू सही केलीस, मग बाबांना काय झालं?"

"काही नाही."

"हां. काही नाही. म्हणून तेच गोदाम, तेच दोर. तीन वर्षं मी शिकवलंय तिथे. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातात एक दोर अर्धा फाटला, खाली शाळेची मुलगी लटकत होती. मी आणि अजून दोघींनी तिला हातांनी वर ओढलं. बाबा म्हणाले, काही होत नाही. मला वाटलं, दोर अचानक फाटतात. मला वाटलं बाबांच्या हातून आजवर काहीच वाईट झालेलं नाही, जे झालं ते तुझ्या हातून झालं. तू तसं लिहून दिलं होतंस ना."

मामा, अकरा वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो होतो. मामाला वाचवलं, आईचा शब्द राखला, स्वतः झिजलो. चादरी धुताना ती गोष्ट फार कामाची असायची. त्या बसमध्ये ती संपली. तो दोर फाटल्याचं तुम्ही मला कळवलं नव्हतंत. कशाला कळवाल? आणि कळवलं असतंत तर मी काय केलं असतं, हेही मला नक्की सांगता येत नाही.

ती पुढच्या स्टॉपवर उतरली आणि उरलेला रस्ता चालत आली.

भाचा

१५ ऑगस्ट

मामा,

तुमची तीन पत्रं एकदम आली. एकात मला शिव्या, दुसऱ्यात विनवण्या, तिसऱ्यात बटणचा फोन बंद का आहे. शिव्यांचं पत्र सगळ्यात प्रामाणिक होतं, ते ठेवून घेतलंय.

बटणने काम सोडलं. माझ्याशी शेवटपर्यंत कामापुरतंच बोलली. परवा मात्र आपणहून गोदामात आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "त्या मुलीच्या आईचा पत्ता आहे तुझ्याकडे?"

आहे. तुम्हाला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी त्या बाईंना पत्र लिहिलं होतं. त्या नर्स होत्या, तेव्हाच निवृत्त झालेल्या. लेक एकुलती. मी लिहिलं, गाठ मी मारली होती, माझी चूक झाली, मला क्षमा करा. त्यांनाही खोटंच लिहिलं, मामा. इतकी सवय झाली होती. त्यांचं उत्तर आलं होतं, पाकिटातून, वहीच्या एका कागदावर. 'क्षमा मला जमणार नाही. पण तू निदान खरं बोललास. बाकी कुणी ना आलं, ना बोललं. एवढ्यासाठी तुझं भलं होवो.' ते पत्र मी दहा वर्षं पेटीच्या तळाशी ठेवलं. टाकवलं नाही आणि परत वाचवलंही नाही.

बटणला ते वाचायला दिलं. तिने वाचलं, पाकिटावरचा पत्ता स्वतःच्या वहीत उतरवून घेतला, आणि पत्र माझ्या हातात देताना म्हणाली, "यांना मी सांगेन. तूही येशील एक दिवस. मी तुझ्या वतीने काही बोलणार नाही."

"मामीला काय सांगणार?"

"आईला तिथूनच फोन करीन. आधी त्या बाई."

"आणि बाबांना?"

तिने पिशवी खांद्यावर घेतली. म्हणाली, "त्यांनी माझी वाट बघू दे. तू पत्र लिहितोस ना त्यांना? तूच कळव."

म्हणून कळवतोय. ती शनिवारी तिकडे उतरेल. विमानतळावर जाऊ नका, कुठल्या विमानाने येतेय ते मला ठाऊक नाही. त्या बाईंचं घर तुम्हाला माहीत असायला हवं होतं. माहीत नाही, ते बरंच आहे. सोमवारपर्यंत ती तिथे जाऊन बसलेली असेल, त्यांच्या घरात, त्यांच्या समोर, फोटो घेऊन. मग काय होईल ते मला माहीत नाही. तक्रार होईल, शिबिर बंद होईल, किंवा त्या म्हाताऱ्या बाई दार लावून घेतील. यातलं काही थांबवायला मी कुठली सही देणार नाही. आईला तसं सांगा. तिने फोन केला तर मी उचलेन, पण यावर बोलणार नाही.

हे पाकीट घेऊन आत्ताच पोस्टात आलोय, उभ्यानेच शेवटच्या ओळी लिहितोय. खिडकीवरची बाई विचारतेय, कसं पाठवायचं? कुरियरने तीन दिवसांत, रजिस्टरने आठ, साध्या टपालाने वीस-बावीस.

मी साधं म्हणालो.

भाचा